आधी माग, मग कॉल

ॲरिझोनात माउंटन लायनच्या (प्यूमाच्या) शिकारीसाठी कॉल, म्हणजे सावजाचा आवाज काढून त्याला जवळ बोलावणारी शिट्टी, वाजवायचाय ना? मग पहिले दोन-तीन वीकएंड कॉल घरीच ठेव आणि नुसता चाल. म्यूल डिअर (इथलं हरीण) आणि हॅवेलिना (रानडुकरासारखा प्राणी) जिथे, तिथे तो. पण एकेकाचा इलाखा एवढा मोठा, की कुठेही बसून वाजवलंस तर दिवस फुकट.

दोन डोंगरांमधली खिंड, कड्याच्या पायथ्याची वाट, कोरड्या ओढ्याची वाळू, तिथे माग शोध. पंजा साधारण तीन-साडेतीन इंच रुंद, टाचेच्या गादीला मागून तीन फुगवटे, नखं सहसा उमटत नाहीत. नखं दिसली तर बहुधा कुत्रा. (सुरुवातीला मी कुणाच्या तरी लॅब्रॅडॉरमागे अर्धा दिवस फिरलोय!) झाडाखाली मागच्या पायांनी ओढून केलेली पाचोळ्याची ढिगोळी दिसली, तर जागा पक्की, नर तिथे परत येतो.

टॅग (शिकारीची परवाना-चिठ्ठी) आधीच घे. ठिपकेवाली पिल्लं सोबत असलेल्या मादीवर गोळी चालवायची नाही, इथला कायदाच आहे.

बसताना पाठीशी खडक, समोर दरीचा पलीकडचा उतार. कॉल ऐकून कोयोटी (लांडग्याचा छोटा भाऊबंद) आला तर पंधरा-वीस मिनिटांत येतो. माउंटन लायन दबकत, थांबत येतो; तासभर तरी हलू नकोस.