पहिलं .३२ घेताना

भावा, .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घ्यायचंय तर दुकान नंतर; आधी जिल्हाधिकारी कार्यालयातून शस्त्र परवाना. आपल्याकडे ९ मिमी निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला न मिळणाऱ्या नळीच्या मापात येतं, त्यामुळे परदेशी व्हिडिओ बघून मॉडेल ठरवू नकोस. सामान्य परवान्यावर .३२ बघ.

सुरुवातीला रिव्हॉल्व्हर बरं. चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं आहे की नाही, सिलिंडर (गोळ्यांचा फिरता गोल भाग) उघडला की दिसतं. पिस्तूल चपटं, कमरेला कमी फुगतं; पण मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढलं तरी चेंबरमध्ये गोळी राहू शकते, आणि नवशिका नेमका तिथंच फसतो. फार हलकं घेण्याचा मोह टाळ. अर्धा किलोचं हत्यार कमरेला जाणवत नाही, पण हातात जास्त उसळतं.

खरे पैसे होल्स्टरवर, म्हणजे हत्याराच्या कमरेच्या म्यानावर घाल. त्यात ट्रिगर गार्ड (चापाभोवतीचं कडं) पूर्ण झाकला पाहिजे, होल्स्टरचं तोंड कडक हवं. मऊ कातड्याची घडी आत वळली की हत्यार सरकवताना ट्रिगर दाबला जातो. किल्ल्यांच्या खिशात तर कधीच नको. पट्टाही जाड घे.

कोल्हापूरचा पावसाळा आणि अंगाचा घाम, दोन्ही गंज आणतात. रोज पुसून तेलाचा पातळ हात फिरव. रात्री होल्स्टरमध्ये ठेवू नकोस, कातडं ओल धरतं. रिकामं करून कुलपात ठेव.

आणि शर्ट वर करून मित्रांना दाखवणं? परवाना जायला तेवढं पुरतं.