पोरीला लिव्हर, औषधं आणि प्रजनन यावर संशोधन करायचंय, करू द्यावं का?

राळेगाव तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आलंय. पोरगी बारावी सायन्सला, पीसीबी ग्रुप. कॉलेजात एका शास्त्रज्ञ मॅडमचं लेक्चर झालं, गोळी पोटात गेल्यावर लिव्हर तिचं काय करतं आणि त्याचा प्रजननाशी काय संबंध, यावर त्या काम करतात. तेव्हापासून पोरगी म्हणते मले हेच करायचं हाय. वडील विचारतात, पाच एकर कोरडवाहू वावर, ओबीसी आहोत, हे दोन वेगळे विषय एकत्र कसे काय, यात पोट भरते का, अन् प्रजनन म्हटलं की सोयरे तोंड वाकडं करतात त्यांना काय सांगू.

भाऊ, आधी ते दोन विषयांचं. ते वाटतात तेवढे वेगळे नाहीत. आपल्या शरीरात सायटोक्रोम पी४५० नावाचं एन्झाइमचं, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचं, एक मोठं कुटुंब आहे, माणसात त्याचे ५७ जीन्स, त्यातले काही एन्झाइम लिव्हरमध्ये औषधं मोडतात आणि त्याच कुटुंबातला एक अंडाशयात इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन बनवतो. आता बघा, टीबीच्या औषधात रिफाम्पिसिन असतं, त्यानं लिव्हरचे हे एन्झाइम वाढतात, मग बाई रोजची गर्भनिरोधक गोळी घेत असेल तर तीही भराभर मोडली जाते आणि गोळी चालू असताना दिवस जाऊ शकतात. टीबी आपल्याकडं किती आहे ते तुम्हाला सांगायला नको, म्हणून ही माहिती गावातल्या बाईपर्यंत पोचणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि फवारणीचं तर तुम्ही जवळून पाहिलंय. २०१७ ला आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन किती घरं उघडी पडली. क्लोरपायरिफॉससारखं कीटकनाशक शरीरात गेलं की लिव्हरचे हेच एन्झाइम त्याचं आणखी जहाल रूप तयार करतात, मग दुसरं एक एन्झाइम ते विष मोडतं, आणि कोणाच्या अंगात कोणतं एन्झाइम किती हे माणसागणिक बदलतं. गरोदर बाई निंदायला जाते तेव्हा तिच्या लिव्हरचं काम आधीच बदललेलं असतं. हे प्रश्न कापसाच्या वावरातलेच आहेत, ते समजून घ्यायला पराटीत, म्हणजे कापसात, वाढलेली पोरगी लॅबमध्ये गेली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सोयऱ्यांना सांगा, आशाताई 'छाया' नावाची गोळी देतात ना, तिचं औषध लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत नित्य आनंद यांच्या टीमनं शोधलं. सुरुवातीचे तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदाच, कारण ते शरीरातून फार हळू बाहेर जातं. औषध आणि प्रजनन, दोन्ही एकाच गोळीत आलं. यात लाजण्यासारखं काय आहे? मुंबईत परळला तर फक्त प्रजनन आणि बालआरोग्य यावर काम करणारी आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, आख्खी संस्था आहे, १९८६ ला केईएम हॉस्पिटलसोबत त्यांच्याच कामातून टेस्ट ट्यूब बेबी झाली होती.

आता पोटाचं. खरं सांगतो, रस्ता लांब आहे, पीएचडी धरून दहा-अकरा वर्षं, हे घरात सगळ्यांना आजच माहीत असू द्या. माझं मत विचाराल तर तिनं एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन बी.फार्म, म्हणजे औषधशास्त्राची डिग्री, करावी. नुसत्या बी.एस्सी.पेक्षा मला ते बरं वाटतं कारण औषध शरीरात कसं वागतं हे तिथं नीट शिकवतात आणि मधेच घरची अडचण आली तर चार वर्षांनी हातात नोकरीची डिग्री असते. शिवाय २०२४ पासून राज्य सरकारनं आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींची अशा कोर्सची ट्युशन आणि परीक्षा फी माफ केलीय, फक्त अ‍ॅडमिशन कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, घ्या, मॅनेजमेंट कोट्यातून नको. पुढं एम.फार्मसाठीची जीपॅट परीक्षा पास झाली तर एम.फार्मला महिन्याला १२,४०० मिळतात. नायपर या केंद्राच्या औषधशिक्षण संस्थांची वेगळी परीक्षा आहे, पण तिलाही आधी जीपॅट पास लागते. पीएचडीसाठी सीएसआयआर नेट या देशपातळीवरच्या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, लागली की महिन्याला ३७,००० आणि वर घरभाडं, म्हणजे तेव्हा ती तुमच्याकडं पैसे मागणार नाही.

आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षाही द्यायला लावा. गणित नसलं तरी फॉर्म भरता येतो, पण ६० पैकी १५ प्रश्न गणिताचे असतात तेवढं तिला सांगा. लागली तर पुण्याच्या आयसरला पाठवायला मागेपुढे पाहू नका. नीट तिला द्यायची असेल तर देऊ द्या, पण तिच्या मनात नसताना दोन-दोन वर्षं रिपीट करायला लावू नका हो.

आणि एक काम तुमचं. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, डोमिसाईल, जातीचा दाखला आणि जात पडताळणी हे निकालापर्यंत थांबवू नका, जूनमध्ये तहसीलला तोबा गर्दी असते आणि तेव्हाच पेरणीही असते. पडताळणीला सगळ्यात जास्त वेळ लागतो, तिचा अर्ज याच महिन्यात कॉलेजमार्फत टाकून द्या.