बेसमेंटमधली ओल : फरशी फोडण्याआधी पावसात बाहेर उभे राहा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं : न्यू जर्सीत एडिसनला १९६०च्या सुमाराचं घर घेतलंत, बेसमेंटच्या भिंती सिमेंट ब्लॉकच्या आहेत. मार्चच्या पावसानंतर मागच्या कोपऱ्यात जमिनीलगत ओल आली, भिंतीवर पांढरी भुकटी दिसते. बघायला आलेल्या वॉटरप्रूफिंगवाल्याने चारही भिंतींलगत फरशी फोडून आतून ड्रेन (फरशीखाली पाणी गोळा करणारा पाइप) टाकायचे १६,००० डॉलर सांगितले, आणि आजच सही केलीत तर दीड हजार कमी.

आज सही करू नका. ओल कुठे पळून जात नाही.

मीही न्यू जर्सीतच राहतो, भिंती तशाच ब्लॉकच्या. २००९ साली असाच एक कागद पुढ्यात होता आणि मी पेन काढलं होतं. बायको म्हणाली, "अरे, आधी पाऊस पडत असताना बाहेर जाऊन बघ तरी." छत्री घेऊन घराला चक्कर मारली. मागच्या बाजूला पन्हळीचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपचा शेवटचा एल्बो (वळणाचा तुकडा) झुडपामागे निखळून पडला होता, आणि छपराचं पाणी धो धो थेट पायाशी ओतत होतं. नवा एल्बो, सहा फुटी पाइप आणि चार स्क्रू, सगळे मिळून चाळीस डॉलरही लागले नाहीत. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते माझ्याकडून थोडक्यात राहिलं.

हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे ६२० गॅलन पाणी होतं. चारपैकी एक पाइप पायाशी मोकळा होत असेल तर त्या कोपऱ्यात दीडशे गॅलन, तेही एका साध्या पावसात. म्हणून आधी वर बघायचं, मग बाहेर, आणि सगळ्यात शेवटी आत.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहिली : पाणी नेमकं कधी येतं? पाऊस सुरू झाल्यावर तासा-दोन तासांत आलं तर ते बहुतेक छपराचं किंवा अंगणातलं. पाऊस थांबून एक-दोन दिवसांनी, किंवा बर्फ वितळताना, भिंत आणि फरशीच्या सांध्यातून आलं तर जमिनीतल्या पाण्याची पातळी वर चढलेली असते. पाऊस नसतानाही आलं तर घरातलाच नळ, वॉटर हीटर नाहीतर एसीचा पाइप. नळ-हीटरची गळती शोधायला सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन तासांनी परत बघा. ओल फक्त जुलै-ऑगस्टमध्येच दिसत असेल तर ते पाणी बाहेरून येतच नसेल. दमट हवा थंड भिंतीला लागून घाम फुटल्यासारखं होतं. अशा वेळी दोन फुटी अॅल्युमिनियम फॉइलचा चौकोन भिंतीला चारही कडांनी टेप लावून चिकटवा आणि दोन दिवसांनी काढा. पाणी फॉइलच्या मागे असेल तर ते भिंतीतून येतंय, खोलीकडच्या बाजूला असेल तर डिह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा काढणारं यंत्र) आणा.

पांढऱ्या भुकटीला घाबरू नका. ती बुरशी नाही, आपल्याकडे ज्याला भिंतीला लोणा धरला म्हणतात तोच. सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जातं, क्षार राहतात. भुकटीवरून इथून पाणी गेलं एवढंच कळतं, कधी गेलं ते कळत नाही. ती भुकटी आधीच्या मालकाच्या काळातलीही असू शकते. कोरड्या ब्रशने झाडून टाका, ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. पुढच्या पावसानंतर रेघ ओलांडली गेली का ते बघा.

ब्लॉकच्या भिंतीत आणखी एक गोम असते. ब्लॉक आतून पोकळ. पाणी बाहेरून एका जागी शिरतं, पोकळीतून खाली उतरतं आणि भलतीकडेच, तळाच्या थरातून, डोकावतं. म्हणून आत ओल दिसते तिथे सिमेंट थापून किंवा वॉटरप्रूफ रंग फासून काही होत नाही. रंगाला फोड येतात, पाणी पोकळीत साठून राहतं. ओतीव काँक्रीटच्या उभ्या भेगेत पॉलियुरेथेन भरतात, ते चांगलं काम करतं. पोकळ ब्लॉकला तो उपाय जमत नाही.

बाहेर काय करायचं : पन्हळी साफ करा आणि पाइप भिंतीपासून किमान सहा फूट लांब न्या. मग जमिनीचा उतार बघा. पहिल्या दहा फुटांत सहा इंच तरी उतार घरापासून दूर हवा. बहुतेक जुन्या घरांत पायाभोवतीची भरावाची माती खचून उतार उलटा झालेला असतो, त्यावर मल्चची (झाडांभोवती पसरतात त्या सालींच्या भुशाची) बशी. (कोकणात जोतं उंच घेऊन पागोळ्या लांब पाडायची अक्कल होती, इथे आपण घर अर्धं जमिनीत पुरतो आणि मग ओल आली म्हणून ओरडतो.) भर घालताना साइडिंगला (बाहेरच्या भिंतीवरच्या आवरणाला) माती टेकू देऊ नका, वाळवी लागते.

एवढं करून दोन-तीन जोराचे पाऊस बघा. तरी येत असेल तर कोरड्या दिवशी बागेचा पाइप लावून आधी जमिनीलगत, मग बेसमेंटच्या खिडकीबाहेरच्या खड्ड्यात, मग वर, असं एकेका जागी पंधरा मिनिटं पाणी सोडा. आत कुणाला तरी टॉर्च घेऊन बसवा.

आतला ड्रेन म्हणजे फसवणूक, असं मात्र मी म्हणत नाही. १ सप्टेंबर २०२१ला आयडा वादळाचा पाऊस आला, नुअर्कला एका दिवसात ८ इंचांहून जास्त. तेव्हा माझ्याकडे फरशीच्या सांध्यातून पाणी आलं आणि बाहेरची कुठलीही डागडुजी त्यापुढे टिकली नसती. नंतर मीही ड्रेन आणि संप पंप (खड्ड्यात गोळा झालेलं पाणी बाहेर फेकणारा) बसवून घेतला. तुमच्यावर ती वेळ आली तर तीन कोटेशन घ्या आणि प्रत्येकाला विचारा : पोकळीतलं पाणी ड्रेनमध्ये उतरावं म्हणून ब्लॉकच्या तळाच्या थराला भोकं पाडणार का, पंपाला बॅटरी बॅकअप आहे का (वीज नेमकी वादळातच जाते), चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) आहे का, पाणी कुठे सोडणार. सांडपाण्याच्या लाइनीत सोडतो म्हणाला तर त्याला चहा देऊन वाटेला लावा.

भिंतीवर आडवी भेग असेल किंवा भिंत आत फुगली असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तो मातीचा दाब आहे. काही विकत नसलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर पैसे देऊन बोलवा.

विम्याचं एक : जमिनीतून झिरपलेलं पाणी साध्या घरविम्यात धरत नाहीत. पंप बंद पडून आलेल्या पाण्याचं कलम वेगळं घ्यावं लागतं, पुराचा विमा त्याहून वेगळा.

मागच्या कोपऱ्याचा बाहेरून एक फोटो टाका, पाइप कुठे संपतो ते दिसेल असा. झुडूप असेल तर ते बाजूला करून.