चारशे दिवाळी अंक आणि एक बंब

प्रश्न: नमस्कार ताई, आमची सदाशिव पेठेतली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, आता तीन-चार वर्षं वारज्याला वन बीएचकेत भाड्याने राहायचंय, मी एकटीच. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. ह्यांनी १९७४ पासून जमवलेले दिवाळी अंक आहेत, चारेकशे तरी असतील, तीन कपाटं भरलीत. अंक वाचून झाला की शेवटच्या पानावर पेन्सिलीने शेरा मारायची सवय, 'बरा', 'जमला नाही', एवढंच. मुलगा बंगळूरहून म्हणतो, आई सगळं स्कॅन कर आणि रद्दीत दे. माझा हातच होत नाहीये. शिवाय सासूबाईंचा तांब्याचा बंब आहे, लहानपणी मुलाचा हात त्याच्या तोटीला भाजला होता. त्याचं काय करू? — एक वाचक, पुणे ३०

उत्तर: आधी स्कॅनिंगचं बोलू, कारण मुलांना ते फार सोपं वाटतं. चारशे अंक, प्रत्येकी दोनशे पानं धरली तर ऐंशी हजार पानं झाली. मोबाईलने दोन-दोन पानांचा एकदम फोटो काढला आणि प्रत्येकाला अर्धा मिनिट लागला तरी तीनशे तेहतीस तास होतात, म्हणजे रोज दोन तास बसलात तर साडेपाच महिने, आणि एवढं करून ते फोल्डर कोण उघडणारे? मुलाला विचारा, तू उघडशील का. गप्प बसेल बघा.

त्यापेक्षा शेऱ्यांचं बघा ना. कथा-कविता छापलेल्याच आहेत, त्या कुठेतरी मिळतीलच, पण 'जमला नाही' हे जगात एकाच प्रतीवर आहे. रोज वीस अंक काढा, शेवटचं पान आणि मुखपृष्ठ, बस, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद. वीस दिवसांत उरकतं. फोटो काढताना काही आठवलं तर तिथल्या तिथे मोबाईलवर रेकॉर्ड करा, लिहीत बसू नका, लिहायला घेतलं की आपण सगळे निबंध लिहितो. आणि हे सगळं सुरू करायच्या आधी, आजच, तिन्ही कपाटं आहेत तशी, दारं उघडी ठेवून त्यांचा फोटो घ्या. कुठला अंक कुठे ठेवायची त्यांची जी काही रीत होती ती एकदा खोकी भरली की गेली.

माझ्या वडिलांचे अंक मी एका दुपारी रद्दीवाल्याला दिले, फोटोबिटो काही नाही. आता त्यांचं अक्षर माझ्याकडे फक्त एका लाईटबिलामागे आहे. असो.

ठेवायचे किती? एक खोकं, तुम्हाला एकटीला उचलता येईल एवढंच. लॅमिनेशन अजिबात करू नका, कागद त्यात कायमचा चिकटतो. गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढा, कसर लागलेले अंक वेगळे काढा, आणि खोकं बाथरूमच्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

बाकीच्यांचं म्हणाल तर एक कडू गोष्ट सांगते. दिवाळी अंक १९०९ च्या 'मनोरंजन'पासून निघतायत, त्या हिशोबाने १९७४ काही फार जुनं नाही, आणि नावाजलेले अंक ग्रंथालयांकडे बहुतेक असतातच. त्यामुळे रिक्षा भरून थेट दारात जाऊ नका. नाव, वर्ष, मुखपृष्ठ आहे की फाटलंय, अशी यादी करा आणि पुणे नगर वाचन मंदिरात किंवा पुणे मराठी ग्रंथालयात आधी विचारा. बंद पडलेले, तालुक्याच्या गावाहून निघणारे छोटे अंक यादीत वर लिहा, कुणाला हवे असले तर तेच. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. आपल्या केळकर संग्रहालयात वीस हजारांवर वस्तू आहेत आणि मांडलेल्या त्यातल्या थोड्याच, जागा त्यांनाही पुरत नाही. (दिनकर केळकरांनी ते लहानपणीच गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या आठवणीत उभं केलं, गेला नसाल तर एकदा जाऊन याच.)

तुमच्या ह्यांच्या मित्रांना एका संध्याकाळी चहाला बोलवा, प्रत्येकाला म्हणा एकेक अंक उचला. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला ह्यांचं नाव पेन्सिलीने लिहून द्या. मग उरलेले खुशाल रद्दीत घाला, हात होईल.

बंब वन बीएचकेत मावणार नाही, आणि त्यात मनीप्लँट लावा असं मी सुचवणार नाही, तसे बंब आता निम्म्या हॉटेलांत दिसतात. मोडीत घालायचा तर दोन दुकानांत वजन करून घ्या, आणि आतली राख आधी झटका, दुकानदार वजनात कापतो. तोटी मात्र तांबटाकडून काढून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. मुलगा सामान हलवायला येईल तेव्हा त्याच्या हातात द्या.