जपानी मेपल करपतोय. घरी येऊन बागेचा सल्ला देणाऱ्यांना पैसे देण्यात अर्थ आहे का?

आहे. द्या पैसे. आणि तो माणूस येईल त्या दिवशी घरातल्या सर्वज्ञ मंडळींना बाहेरची कामं लावून द्या.

तुम्ही लिहिलंय की लाल पानांचा मेपल आहे, पानांच्या कडा करपतायत, वरची एक फांदी वाळली, नर्सरीवाला म्हणतो खत कमी पडतंय आणि सासरे म्हणतात, ‘झाडाच्या सल्ल्याला कोण पैसे देतं?’ खरं तर मी उत्तरं लिहायच्या भानगडीत पडत नाही, पण हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवेना. आमचे भावोजी शब्दशः हेच म्हणतात.

आमच्या मेपलचंही असंच झालं होतं. पानं दरवर्षी थोडी लहान यायची, शेंडे वाळायचे आणि थंडी लांब असतानाच झाड रंग बदलायला लागायचं. लोक म्हणायचे, किती लवकर रंगला! कौतुकाची गोष्ट नव्हती ती. अवेळी रंगणारा मेपल बहुतेक वेळा त्रासात असतो. भावोजींचं निदान ठरलेलं: ‘उपाशी आहे.’ आले की मूठभर युरिया आळ्यात. कडा आणखी करपल्या की, ‘बघ, अजून कमी पडतंय.’ मग एका नर्सरीतला माणूस फुकट बघायला आला. उभ्याउभ्या दोन पानं खुडली, बुरशीनाशकाची बाटली हातात ठेवली आणि गेला. बाटली फुकट नव्हती, हे सांगायला नकोच.

शेवटी मी पैसे भरून एका सल्लागार बाईंना बोलावलं. भावोजी ओट्यावर हाताची घडी घालून उभे. बाईंनी पानांकडे बघितलंसुद्धा नाही. त्या सरळ बुंध्याशी बसल्या आणि म्हणाल्या, ‘हे खोड विजेच्या खांबासारखं मातीत का घुसलंय?’ जमिनीतून नीट वर आलेलं झाड बुंध्याशी रुंद होतं, तिथून मुळं फाकताना दिसतात. आमचं खोड वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचं. त्यांनी बांबूच्या काडीने माती उकरायला घेतली, मध्येमध्ये पाण्याची बारीक धार. पालापाचोळा, मग माती, मग आणखी माती. चांगली वीतभर खाली गेल्यावर बुंध्याचा रुंद भाग लागला. तिथली साल काळपट, ओलसर, नखाने दाबली की दबणारी. आणि खोडाला वेढा घालून बसलेलं अंगठ्याएवढं जाड मूळ. बाईंनी त्याच्याखाली काडी सरकवायचा प्रयत्न केला, जाईना. खोडाला खाच पडली होती.

कुंडीत वाढताना मुळं गोल फिरतात. लावताना ती कोणी मोकळी केली नाहीत, लावणाऱ्या माळ्याने रोप खोल गाडलं, वरून दरवर्षी पाचोळ्याचा ढीग खोडाला भिडवला. खोल गाडलेल्या मुळांना हवा कमी पडते, ती वर येऊन खोडाभोवती फिरतात. खोड जाड होतं तसा फास आवळत जातो आणि पाणी वर चढायची वाट दबते. पानांच्या कडा झाडाच्या सगळ्यात टोकाला, तहान आधी तिथे दिसते. त्यात युरिया, म्हणजे मुळाशी क्षार वाढवून तहान अजून वाढवायची.

बाईंनी त्या मुळावर खडूने खूण केली आणि सांगितलं, आत्ता नाही, पानं गळून झाड झोपलं की छिन्नीने तोडा. बुंधा उघडा ठेवा, खत पूर्ण बंद. बास. भावोजी म्हणाले, ‘एवढंच? हे तर मीही सांगितलं असतं.’ मी म्हटलं, ‘मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?’

झाड सुधारलं. भावोजींच्या मते युरिया उशिरा लागू पडला. ते हे वाचतात, म्हणून इथे स्पष्ट लिहिते: भावोजी, नत्र इतका उशिरा लागू पडत नसतो.

आता कोणाला बोलवायचं? जो औषध विकतो, त्याला नाही. सल्ला आणि बाटली एकाच हातातून आली की निदान बाटलीच्या बाजूने झुकतं. चांगला सल्लागार आधी प्रश्न विचारतो: दुपारचं ऊन कुठून येतं, रोप कुंडीतलं होतं का, पाणी किती खोल मुरतं, बाजूला सिमेंटचं काम झालं का. पहिल्या पाच मिनिटांत औषधाचं नाव घेणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. विद्यापीठाची विस्तार सेवा, म्हणजे शेती-बागेचा सल्ला लोकांपर्यंत पोचवणारा विभाग, जवळ असेल तर आधी तिथे विचारा. अमेरिकेत अशी सेवा १९१४च्या कायद्याने उभी राहिली. पुढे घरगुती बागवाल्यांच्या प्रश्नांनी तिथले अधिकारी इतके बेजार झाले, की १९७२मध्ये वॉशिंग्टन राज्यात स्वयंसेवकांना शिकवून ‘मास्टर गार्डनर’ म्हणून उभं केलं. ते फुकट सांगतात आणि काही विकत नाहीत. माझा राग फुकटावर नाही, बाटलीवर आहे. मातीचं परीक्षण मात्र पैसे देऊन करा. मेपलला किंचित आम्लधर्मी माती मानवते, सामू (pH) साडेपाच ते साडेसहा.

तुमच्या वाळलेल्या फांदीचं: ती कापा आणि कापलेला भाग नीट बघा. लाकडात हिरवट-तपकिरी रेघा किंवा ठिपके दिसले तर व्हर्टिसिलियम ही मातीतली बुरशी असू शकते. तिच्यावर औषध नाही, कोणी विकत असेल तरी नाही. प्रयोगशाळेतून खात्री करून घ्या, कात्री स्पिरिटने पुसा, झाड गेलंच तर त्या जागी दुसरा मेपल लावू नका. लाकूड स्वच्छ असेल तर आधी बुंधा उकरून बघा. छाटणी हिवाळा सरताना करू नका, तेव्हा मेपल रसाने वाहतो. भर उन्हाळ्यात किंवा पानं गळून झाड पूर्ण झोपल्यावर करा. काप फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून घ्या. जखमेवर रंग किंवा डांबर फासू नका. झाड जखम भरत नाही, तिला आतून भिंत घालतं, हे ॲलेक्स शिगो या शास्त्रज्ञाने १९७७मध्येच मांडलं, तरी डांबराचे डबे अजून खपतात. (भावोजींकडेही एक आहे.)

एक राहिलं, आणि ते खरं तर आधी सांगायला हवं होतं. तुमच्याकडे हिवाळा नावालाच असेल, तर वरचं सगळं करूनही हे झाड रडतच राहील. जपानी मेपलला थंडीतली झोप हवी असते, शिवाय दुपारचं रखरखीत ऊन आणि गरम वारा त्याला नको असतो. नुसत्या कडाच करपत असतील तर कारण तेवढंच असू शकतं. मग दुपारची सावली आणि खोडापासून चार बोटं लांब ठेवलेलं पाचोळ्याचं आच्छादन पुरतं. सावलीत लाल पानं हिरवट होतील, तो रोग नाही. पण कलमाच्या जोडाखालून हिरवे, जोमदार कोंब फुटले तर ते खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचे असतात, लगेच काढा. त्यासाठी सल्लागार लागत नाही. सासऱ्यांना सांगा, तेवढं काम त्यांना जमेल.