रत्नागिरीतला पहिला पावसाळा

नव्याने बदली होऊन आलात, मुलं लहान, आणि आषाढात इथे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. घाबरू नका, पण तयारी आत्ताच करा.

आधी जिल्हा नगर वाचनालयाचे सभासद व्हा. १८२८ सालचं आहे ते! पुस्तकं आणताना प्लास्टिकची पिशवी हवीच; भिजलेलं पान पुन्हा सरळ होत नाही. जरा उघडीप मिळाली की थिबा पॅलेसमधलं संग्रहालय दाखवून आणा.

पण खरी मजा घरात. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे दहा अवतारांच्या पत्त्यांचा खेळ, घ्या. हाताने रंगवलेला संच महाग पडतो, तरी घ्याच. गोल पत्ते, एकूण १२०. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा: राजा, प्रधान आणि एक ते दहा. तिघांनी बसायचं, चाळीस-चाळीस पत्ते वाटायचे. दिवसा खेळ रामापासून सुरू होतो, रात्री कृष्णापासून. ढग दाटून अंधारलं की आमच्या घरी हमखास वाद, आता राम की कृष्ण? मुलांना अवतारांची नावं अशीच पाठ झाली.

एक मात्र सांभाळा. फणसाच्या भाजलेल्या आठळ्या सोलता सोलता त्याच हातांनी पत्ते धरू देऊ नका. खेळ संपला की सुक्या फडक्याने एकेक पत्ता पुसून डब्यात ठेवा. इथली दमट हवा रंगाला सोडत नाही.