बाळाला रात्री आपलं आपण झोपायला कसं शिकवावं?

तुमचं बाळ 8 महिन्यांचं आहे, झोळीत हलवल्याशिवाय झोपत नाही, रात्री चार-पाचदा उठतं आणि घरातले म्हणतात, "रडू देऊ नका." हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसलो.

आधी एक सांगतो, हे काम बापाने करावं. आई जवळ बसली की बाळाला दूध हवंच असतं. पिता पिता झोपलं की पुढच्या वेळी जाग आल्यावर तेच मागणार. लहान मुलांची झोप साधारण 50-60 मिनिटांनी हलकी होते. आपलीही होते, पण आपण कूस बदलून परत झोपतो. झोके घेत झोपलेल्या बाळाला जाग आली की झोका थांबलेला असतो, म्हणून ते रडतं. त्यात हट्ट नसतो.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. बायकोची 26 आठवड्यांची रजा संपली. रात्री पाच वेळा उठून ती साडेसहाला घर सोडायची. एकदा लोकलमध्ये उभ्या उभ्या डोळा लागला, घाटकोपरला उतरायचं ती दादरला जागी झाली. त्या दिवसापासून रात्री मी घेतल्या.

मुलगी सात महिन्यांची झाल्यावर झोळी सोडली. आठला मऊ भात, मग शेवटचं दूध दिवा चालू ठेवून, म्हणजे पिताना झोपायची नाही. अंग पुसून, दिवा बारीक करून ती जागी असतानाच गादीवर ठेवायचं. मी शेजारी बसून छातीवर हात ठेवायचो, उचलायचो नाही. पहिल्या रात्री 40 मिनिटं रडली. बायको ओट्याला टेकून उभी होती, तिच्याही डोळ्याला धार. शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. दुसऱ्या रात्री 25 मिनिटं.

तिसऱ्या रात्री ताई मुक्कामाला होती. दहाव्या मिनिटाला आत आली, मुलीला उचललं आणि म्हणाली, "बाप झालास म्हणून आईचं काळीज येत नाही. आपल्यात लेकरांना असं रडवत नाहीत." मुलगी तिच्या खांद्यावर झोपली आणि पुढे तीनदा उठली. तिन्ही वेळा मी उठलो. सकाळी मी ताईला तेच सुनावलं. ती चहाही न घेता कल्याणला गेली, दोन महिने फोन नाही.

आपल्यात लेकरं रडत नव्हती हे खरंय, कारण झोळीची दोरी ताईच्या हातात होती. नऊ वर्षांची होती ती. आई कामाला गेली की मला झोका देत बसायची, शाळा बुडायची. माझ्या घरात दोरी धरायला तसं कोणी नाही, आणि कुठल्या पोरीने धरावी असं मला वाटतही नाही.

चौथ्या रात्री परत पहिल्यापासून सुरू केलं. सहाव्या रात्री ती भिंतीकडे वळली, स्वतःचा पाय धरला, काहीतरी पुटपुटली आणि झोपली. मी अर्धा तास तसाच बसून होतो. पुढे गोवर-रुबेलाच्या लशीनंतर ताप आला तेव्हा चार रात्री कुशीत घेतली. नंतर दोन रात्रींत घडी बसली.

मेलबर्नमध्ये 326 मुलांवर अभ्यास झाला होता, निष्कर्ष 2012 साली छापून आले. शेजारी बसून झोपवायची ही पद्धतही त्यात होती. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या मुलांच्या वागण्यात, आईबापांशी असलेल्या नात्यात फरक नव्हता. फायदाही तोवर उरला नव्हता, हेही सांगायला हवं. ताईला मी हे दोनदा पाठवलंय.

सहा महिन्यांच्या आत हे करू नका. 8 महिन्यांतही रात्री एखादं दूध लागू शकतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा वजन वाढत नसेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तुमच्याच खोलीत, कडक गादीवर, पाठीवर झोपवा, आणि उशी नको. मोहरीचीसुद्धा नको. ताईने शिवून आणलेली आम्ही कपाटात ठेवलीय, टाकलेली नाही.